गोळी आहे, पण बीपी मोजणार कोण?

२९ जून हा जागतिक स्क्लेरोडर्मा दिन. आपल्या तालुक्यात हा शब्द ऐकलेली माणसं किती असतील, शंकाच आहे. म्हणून आधी आजार सांगतो.

गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळसर, मग लाल. पुढे बोटं सुजतात, सांधे दुखतात, कातडी जाड आणि ताठ होते. मूठ वळत नाही, तोंड नीट उघडत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते आणि कातडीबरोबर फुप्फुसं, आतडी, किडन्याही बिघडू शकतात. बायकांना जास्त, तेही बहुधा तिशी ते पन्नाशीत. हा आजार संसर्गजन्य नाही, हेही लक्षात ठेवा.

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण आरोग्याच्या बातम्या वाचताना एक गोष्ट खटकते. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच पेशींत बदल करून उपचार केले. २०२४ साली १५ जणांचे निष्कर्ष आले, त्यात स्क्लेरोडर्माचे ४. आशा वाटावी असंच काम आहे. याच पद्धतीची थेरपी आपल्या आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने रक्ताच्या कॅन्सरसाठी तयार केली, २०२३ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. अभिमान आहेच. पण ४ रुग्ण म्हणजे सुरुवात झाली, लगेच ‘चमत्कार’ नको.

खरा जीव वाचवणारा शोध जुना आहे आणि स्वस्तही. या आजारात काहींचं बीपी अचानक भडकतं आणि थोड्याच दिवसांत किडन्या निकामी होतात. पूर्वी यातून फार थोडे वाचायचे. मग ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध निघालं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या डॉ. व्हर्जिनिया स्टीन यांनी १९९० मध्ये आकडे मांडले. या गटाची औषधं न मिळालेल्यांपैकी वर्षभराने १५ टक्के जिवंत होते, मिळालेल्यांपैकी ७६ टक्के! त्याच गटातली रॅमिप्रिल, एनालाप्रिल आज साध्या मेडिकलमध्ये मिळतात. (आधीच खबरदारी म्हणून स्वतःहून घेऊ नका, त्याचा फायदा दिसलेला नाही.)

मग अडतं कुठे? औषध वेळेत सुरू व्हायला हवं, आणि वेळ कळते ती बीपी मोजल्यावर. आजाराचं नावच माहीत नसेल तर मोजणार कोण?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डॉ. स्टीन आणि सहकाऱ्यांनीच १९९८ मध्ये दाखवलं की रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड घेणाऱ्या अशा रुग्णांत किडनीचा हा धोका वाढतो. आता आपल्याकडचं चित्र बघा. सांधे दुखले की सुई, नाहीतर बिननावाची पुडी. दोन दिवसांत गुण येतो. त्या पुडीत काय आहे, कुणी विचारत नाही.

म्हणून तालुका आरोग्य अधिकारी आणि लोकप्रतिनिधींकडे तीन मागण्या. बीपी तपासताना ‘थंडीत बोटं पांढरी पडतात का?’ हा एक प्रश्न विचारावा. निदान झालेल्या रुग्णाच्या घरी बीपीचं मशीन असावं. आणि पुडीवाल्यांवर धाड पडावी, नुसती नोटीस नको. यातल्या एकाही गोष्टीला कोटींचा निधी लागत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना हा आजार नसतो, घाबरू नका. पण सोबत बोटं सुजत असतील, कातडी ताठ होत असेल, तर एएनए ही रक्ततपासणी करा आणि संधिवाततज्ज्ञांना गाठा. भांडी घासताना घरातली बाई ‘बोटं बधिर होतात’ म्हणाली, तर ‘थंडीने होतं’ म्हणून विषय संपवू नका. एकदा तिचे हात बघा.