जकात घेणाऱ्याला कुणी विचारलं?

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत रेशन किट वाटण्याची गडबड उडते. मागे बॅनर, पुढे टेबल आणि टेबलावर आटा, तांदूळ, डाळ, तेल, खजूर भरलेल्या पिशव्या. पिशवीचं एक टोक देणाऱ्याच्या हातात, दुसरं बुरख्यातल्या बाईच्या हातात आणि समोर कॅमेरा. संध्याकाळपर्यंत फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. किती किट वाटले, किती कुटुंबांना ‘लाभ’ झाला, याचा आकडा खाली असतो. त्या बाईला नेमकं काय हवं होतं, ते मात्र कुठेच नसतं. कारण ते तिला कुणी विचारलेलंच नसतं.

माझा आक्षेप वाटपावर नाही. देणाऱ्यांच्या नियतीवरही नाही. आक्षेप आहे तो एका गृहीतकावर. ज्याच्याकडे पैसा आहे, त्यालाच गरिबाची गरज कळते, हे ते गृहीतक. मोहल्ल्यातल्या बैतुलमालपासून कंपन्यांच्या सीएसआर विभागापर्यंत सगळीकडे तेच चालतं.

आधी आपल्या घरातलं बोलू. जकात म्हणजे मेहेरबानी नव्हे. कुरआनने सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत तिचे आठ हकदार सांगितलेत, त्यात सर्वांत आधी फकीर आणि मिसकीन येतात. हनफी फिकहमध्ये ‘तमलीक’ची अट आहे. म्हणजे दिलेली रक्कम किंवा वस्तू घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. म्हणूनच जकातीच्या पैशांतून मशिदीची इमारत बांधता येत नाही. ही अट आपण शब्दाने पाळतो, अर्थाने नाही. मालक तो असेल, तर त्याला आटा हवा की औषधाचे पैसे, थकलेलं भाडं हवं की मुलीची फी, हे देणाऱ्याने परस्पर का ठरवावं? फित्रा धान्यातच द्यायचा की त्याची किंमत दिली तरी चालते, यावर हनफी आणि कोकणातल्या शाफई मंडळींत मतभेद आहेत. पण घेणाऱ्याला विचारूच नका, असं कोणताही मसलक सांगत नाही.

सूरह बकराच्या २६४व्या आयतीत उपकाराची जाणीव करून देऊन आणि मन दुखावून आपलं दान वाया घालवू नका, अशी सक्त ताकीद आहे. पुढे २७३व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख येतो, जे स्वाभिमानामुळे मागत नाहीत आणि अजाण माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. आपल्या वाटपाच्या रांगेत हे लोक कधी येतात का? येत नाहीत. कारण रांग कॅमेऱ्यासमोर असते. आणि जे रांगेत येत नाहीत, त्यांना आपण गरजवंतांत मोजत नाही.

यावर मोठ्या संस्था सांगतात की, “आम्ही तर विचारतो. आमच्याकडे फीडबॅक फॉर्म आहे.” असं एक सर्वेक्षण मी जवळून पाहिलंय. एका संस्थेने मोहल्ल्यातल्या महिलांना शिवणकाम शिकवून मशिनी दिल्या होत्या. काही महिन्यांनी फॉर्म घेऊन घरोघर गेली ती तीच बाजी, जिने यादीत नावं घातली होती. प्रश्न होते, ट्रेनिंग आवडलं का? मशीनचा फायदा झाला का? सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. बाजी पुढच्या घरी गेल्यावर एक बाई मला हळूच म्हणाली, “भाई, ना बोलूं तो अगली बार नाम कट जाएगा.” मशीन तिच्या खाटेखाली होती. शिवायला कापड आणून देणारा कुणी नव्हता आणि तयार कपडे बाजारात तिच्या शिलाईपेक्षा स्वस्त मिळत होते. हे फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती. अहवालात मात्र सगळ्या समाधानी होत्या.

यात त्या बाजीचा दोष नाही, दोष पद्धतीत आहे. ज्याच्या हातात यादी आहे, त्यानेच प्रश्न विचारला तर खरं उत्तर मिळत नाही. ‘आवडलं का’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तर नसतं, कारण घरी आलेल्या माणसाला नाराज करणं आपल्या रीतीत बसत नाही. जे शेवटपर्यंत टिकले फक्त त्यांनाच विचारलं, तर मधेच सोडून गेलेल्यांची कारणं कायमची गायब होतात. आणि उत्तरं गोळा करून ती फक्त वर पाठवली, तर लोकांना कळून चुकतं की या विचारण्याला अर्थ नाही. पुढच्या वेळी ते वेळ घालवत नाहीत, ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०२१च्या सुधारित नियमांनी त्यात इम्पॅक्ट असेसमेंटची भर घातली. ज्या कंपन्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी १ कोटी वा त्यापुढच्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचं. चांगली गोष्ट आहे. पण तो अहवाल जातो कुठे? संचालक मंडळापुढे आणि मग सीएसआरच्या वार्षिक अहवालात जोडला जातो. ज्या वस्तीत प्रकल्प झाला, तिथे तो वाचून दाखवा, असं नियम सांगत नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडेही तसंच आहे. ट्रस्ट दरवर्षी हिशेब सादर करतात, पण ऑडिटर रुपये मोजतो. रुपया योग्य खात्यात गेला का, हे तो पाहतो. तो योग्य माणसाच्या उपयोगी पडला का, हे पाहणं त्याचं काम नाही.

शिवाय मोहल्ल्यातली बाई संस्थेला जे सांगू शकत नाही, तेच संस्था देणगीदाराला सांगू शकत नाही. ‘तुमची योजना आमच्या वस्तीत चालत नाही’ असं म्हटलं तर पुढच्या वर्षीचा निधी जाईल, ही भीती तिलाही असते. दोन्हीकडे यादीतून नाव कापलं जाण्याचंच भय आहे. अमेरिकेत ‘सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी’ नावाची संस्था निधी घेणाऱ्यांना नाव गुप्त ठेवून त्यांच्या देणगीदाराबद्दल विचारते आणि एकत्रित निष्कर्ष त्या देणगीदारापुढे ठेवते. आपल्याकडच्या किती देणगीदारांनी असा आरसा मागून घेतलाय?

उत्तर शोधायला अमेरिकेलाच जायला हवं, असंही नाही. डिसेंबर १९९४मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. गावाच्या कामांची कागदपत्रं भर सभेत वाचून दाखवली. कागदावर काय आहे आणि गावात काय आहे, ते लोकांनीच सांगितलं. तिथूनच माहिती अधिकाराची चळवळ वाढली. २००५च्या रोजगार हमी कायद्याने कलम १७मध्ये ग्रामसभेकडून सोशल ऑडिटची तरतूद केली. ज्या मजुराला इंग्रजी अहवाल वाचता येत नव्हता, तोही उठून म्हणू शकत होता की, ‘या हजेरीपटावर माझं नाव आहे, पण मी त्या दिवशी कामावर नव्हतो.’

सच्चर समितीचंच घ्या. नोव्हेंबर २००६च्या त्या अहवालातली टक्केवारी आपण भाषणांत खूप वापरतो. पण समितीने राज्याराज्यांत जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं होतं आणि आकडेवारीच्या आधी एक अख्खं प्रकरण त्या म्हणण्याला दिलं होतं, हे आपण विसरतो. सरकारने आपलं ऐकावं, असं म्हणणाऱ्या समाजाने आपल्यातल्या गरिबाचं ऐकायला नको?

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, विचारलं तर लोक वाट्टेल ते मागतील. मागू द्या. सगळं देता येणार नाही, हे गरिबाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ‘हे जमेल, हे जमणार नाही आणि का नाही’ एवढं सांगितलं तरी त्याचा मान राहतो. दुसरं, सर्वेक्षणाला पैसा कुठून आणायचा? बॅनरचा, मंडपाचा आणि व्हिडिओचा पैसा जिथून येतो, तिथूनच. तिसरं, आम्ही अल्लाहसाठी देतो, हिशेब त्याच्यापुढे देऊ. मग कॅमेरा कुणासाठी होता? आणि त्या हिशेबात ज्याचा हक्क होता, त्याची साक्ष निघणार नाही, असं कुणी सांगितलं?

येत्या रमजानआधी प्रत्येक बैतुलमाल, ट्रस्ट आणि फाउंडेशनने काही साध्या गोष्टी कराव्यात. यादी करतानाच विचारा, रोख हवी की वस्तू, आणि वस्तू हवी तर कोणती. वाटणाऱ्याने विचारू नये. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या मुलींनी विचारावं. बायकांना बायकांनी आणि एकट्यात विचारावं, त्या घरात जी दखनी, उर्दू किंवा मराठी बोलतात त्याच भाषेत. कागदावर नाव नको. ‘आवडलं का’ऐवजी ‘काय उपयोगी पडलं नाही’ असं विचारा. सोडून गेलेल्यांना शोधा. महिन्याभरात त्याच मोहल्ल्यात बैठक घेऊन सांगा की तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे बदललं आणि हे बदलू शकलो नाही. फोटो बंद करा. देणगीदारांनी निधी देताना एकच अट घालावी, तक्रारी लपवू नका. आणि तक्रार कळवली म्हणून निधी कापणार नाही, हे लेखी द्यावं.

यासाठी ना फतवा लागतो, ना सल्लागार कंपनी. लागते फक्त नकार ऐकून घेण्याची तयारी. घेणाऱ्याला ‘हे नको’ म्हणता येत नसेल, तर त्याच्या हातात आपण पोहोचवलेली वस्तू जकात असेलही, पण तिच्यातला हक्क आपण आपल्याकडेच ठेवून घेतलेला असतो.