पगारपत्रकातील मावशी



गेल्या महिन्यात येरवड्यातील एका स्नेह्यांच्या पेढीवर जाण्याचा योग आला. दोघा बंधूंची खासगी मर्यादित कंपनी. दोघेही संचालक आणि निम्म्या-निम्म्या भागांचे धनी. वयोवृद्ध मातोश्री थोरल्यांकडे असतात व त्यांच्या सेवेस एक मावशी दिवसभर असतात. मावशींचा दरमहा १५,००० रुपये पगार कंपनीतून जातो आणि पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘कार्यालयीन सहायक’ असे पद लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मावशींनी कार्यालयाचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही.

हा विषय निघाला तो एका अपघातामुळे. मातोश्रींना न्हाणीघरातून बाहेर आणताना मावशी घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. कर्मचारी राज्य विमा योजनेत त्यांची नोंद होती, म्हणून अपघाताचा अहवाल भरणे आले. त्यात अपघाताचे स्थळ, वेळ आणि त्या वेळी चाललेले काम लिहावे लागते. मुनीमजींची लेखणी तेथेच थबकली. खरे लिहावे तर पगारपत्रक खोटे ठरते. खोटे लिहावे तर एका असत्याला दुसऱ्या असत्याचा टेकू द्यावा लागतो. थोरले मला म्हणाले, “साहेब, आईची सेवा करणाऱ्या बाईला पगार दिला, तोही बँकेतून. यात बेकायदा ते काय?”

प्रश्न प्रांजळ होता आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. कोठे स्वयंपाकी, कोठे माळी, कोठे पहारेकरी. नाव कंपनीच्या पटावर, काम बंगल्यावर. म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

घरच्या मदतनीसाचा पगार कंपनीने देणे हा मुळात गुन्हा नाही. आयकराच्या नियमांनी अशी सोय गृहीतच धरली आहे. झाडूवाला, माळी, पहारेकरी किंवा वैयक्तिक परिचारक यांची सेवा कंपनीने पगारदार संचालकास वा त्याच्या कुटुंबीयास पुरविली, तर कंपनीला आलेला प्रत्यक्ष खर्च हा त्या संचालकाचा ‘परिलाभ’ ठरतो. तो त्याच्या पगारात मिळवावा, त्यावर कंपनीने उद्गम कर कापावा आणि करकपातीच्या प्रमाणपत्रात दाखवावा. असे केले की कंपनीलाही तो खर्च कर्मचारी-खर्च म्हणून मिळतो. दोष आहे तो ‘कार्यालयीन सहायक’ या दोन शब्दांत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) प्रमाणे खर्च सर्वस्वी धंद्यासाठी झालेला असावा लागतो. वैयक्तिक खर्चाला तेथे जागा नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. तत्त्व तेच राहिले.

आता थोडा हिशेब मांडू. मावशींचा वर्षाचा पगार १,८०,००० रुपये. थोरले ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. उपकरासह दर ३१.२ टक्के. म्हणजे या लपवाछपवीत त्यांचा वाचलेला कर ५६,१६० रुपये. हिशेबात खोटी नोंद करून उत्पन्न दडविल्याचे सिद्ध झाले, तर १९६१ च्या कायद्यात दंड कराच्या २०० टक्के आहे, म्हणजे १,१२,३२० रुपये. मूळ कर आणि व्याज वेगळे. शिवाय कंपनीने दाखविलेला खर्चही नामंजूर होतो, तो निराळाच. व्यापारी माणसाने असा सौदा एरवी केला असता काय?

पण मला याहून दोन गोष्टी अधिक खुपल्या. पहिली, धाकट्या बंधूंची. कंपनीचा निम्मा नफा त्यांचा; म्हणजे मावशींच्या निम्म्या पगाराचा भार त्यांच्यावर पडत होता आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर आईसाठी त्यांनी आनंदाने दिला असता. न विचारता घेतलेला रुपयाच पुढे वाटणीच्या वेळी बोलू लागतो. बँकेत असताना कौटुंबिक कर्जखात्यांत हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरी गोष्ट मावशींची. विम्याचा अपघातलाभ मिळतो तो नोकरीचे काम करताना झालेल्या इजेसाठी. कागदावरचे काम एक आणि हातातले दुसरे, अशा स्थितीत जिचे मनगट मोडले तिचाच हक्क संशयात सापडतो.

मग मार्ग कोणते? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पगार स्वतःच्या बचत खात्यातून द्यावा. कंपनीतूनच द्यायचा असेल, तर संचालक मंडळाचा ठराव करावा, खरे काम लिहावे आणि परिलाभ दाखवावा. एकल मालकी वा भागीदारी असेल, तर जुन्या मुनीमांची रीत उत्तम: ती रक्कम मालकाच्या घरखर्च किंवा उचल खाती नावे टाकावी. पूर्वी चूक झाली असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरून ती सुधारता येते. मुदत आता चार वर्षांची आहे, मात्र विलंबाप्रमाणे जादा कर २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. आणि मदतनीसाचे भले करायचे असेल, तर महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराची तेथे नोंदणी करून द्यावी.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. राज्याचा कर चुकविणे हे श्रावकाच्या व्रताला लागणारे बोट आहे, असा त्याचा अर्थ आपण प्रवचनांत ऐकत आलो. याच येरवड्याच्या कारागृहातून गांधीजींनी १९३० साली आश्रमवासीयांना दर मंगळवारी व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्यांत अस्तेयावरही पत्र आहे, आणि कारागृहाला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत. त्या भिंतींपासून स्नेह्यांची पेढी फार दूर नाही.

मुनीमजींनी शेवटी अहवालात खरे तेच लिहिले. मावशींच्या उपचाराचा खर्च आणि घरी बसल्या काळाचा पगार थोरल्यांनी आपल्या खात्यातून दिला. धाकट्यांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दादा, निम्मे माझे.” मागील वर्षांची विवरणपत्रे सनदी लेखापालांकडे गेली आहेत. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपणही आपले पगारपत्रक एकदा वरपासून खालपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.