आयुष्याचा अभ्यास कोणासाठी?

माणूस आईच्या उदरात आल्यापासून अखेरचा श्वास घेईपर्यंत कसा घडतो, कोणत्या वयात त्याच्या मनाला काय हवे असते, काय गमावले की तो कोमेजतो आणि काय लाभले की पुन्हा उभा राहतो, याचे एक शास्त्र आहे. त्यास जीवनकाल-विकासाचे शास्त्र म्हणता येईल. मानसशास्त्राच्या पदवीमार्गे हे शास्त्र घरबसल्या, नोकरी व संसार सांभाळून शिकण्याची सोय आपल्या देशात होती. २०२५ साली त्या सोयीचे मोठे दार लावून घेण्यात आले. त्याविषयी आमच्या धर्मग्रामांतून साधी कुजबुजही आमच्या कानी आली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

घडले ते असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २३ जुलै २०२५ रोजीच्या बैठकीत एक निर्णय घेतला आणि ऑगस्टमध्ये तो विद्यापीठांना कळवला. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन चालवू नयेत आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून त्यांत नवे प्रवेश देऊ नयेत, असा तो निर्णय. त्या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र होते आणि मानसशास्त्रही होते. अनेक विषयांच्या बी. ए. मध्ये इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान राहिले. मानसशास्त्र तेवढे वगळले गेले.

हा घाव कोठे बसला ते पाहावे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील एम. ए. ला कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकत असे. त्याच्या पहिल्याच वर्षात 'लाइफ स्पॅन सायकॉलॉजी' हा स्वतंत्र विषय होता. गिरगावातील बँकेत नोकरी करणारी माता, लालबागच्या शाळेतील शिक्षिका, परळच्या इस्पितळात पाळी करणारी परिचारिका या वाटेने ते शास्त्र शिकू शकत होती. आता अशा स्त्रीला सांगण्यात आले आहे की, शिकायचे असेल तर नोकरी सोडा, घर सोडा आणि दिवसा वर्गात येऊन बसा.

आयोगाची बाजू आम्ही समजू शकतो, आणि ती पोकळ नाही. मनाने खचलेल्या माणसासमोर बसून त्याला सावरणे हे काम पुस्तके वाचून येत नाही. त्यासाठी अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करावे लागते. चार पुस्तिका टपालाने मागवून, दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावून कोणी दुकान थाटले, तर त्यात एखाद्याचा जीवही जाऊ शकतो. अशा दुकानदारीस आळा बसलाच पाहिजे. याबाबतीत आम्ही आयोगाच्या शेजारीच उभे आहोत.

परंतु पाटी लावणे वेगळे आणि शिकणे वेगळे. प्रथमोपचाराचे वर्ग शाळाशाळांतून भरतात. ते शिकलेला मुलगा उद्या शस्त्रक्रिया करू लागेल, अशी भीती कोणी घालत नाही. ज्याला व्यवसाय करायचा आहे त्याच्यासाठी कडक नोंदणी ठेवा, प्रत्यक्ष कामाचे तास ठरवून द्या, परीक्षा घ्या आणि नोंदणीविना पाटी लावणाऱ्यास शिक्षा करा. २०२१ च्या कायद्याने ही हत्यारे सरकारच्या हाती दिलीच आहेत. ती वापरण्याचे कष्ट घेण्याऐवजी ज्ञानाचीच वाट अडवणे, ही सुधारणा नव्हे. आणि वर उल्लेखिलेल्या एम. ए. मध्ये प्रात्यक्षिके व इंटर्नशिप होतीच. ती अपुरी वाटत असेल तर वाढवता आली असती.

या शास्त्रात असे आहे तरी काय? मानवी आयुष्याच्या आठ अवस्था मांडणारे एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, मनाची वाढ बालपणी संपत नाही. तान्ह्या बाळापुढे प्रश्न असतो जगावर विश्वास ठेवावा की नाही याचा. किशोरापुढे 'मी कोण' हा. मध्यम वयात आपल्यामागून येणाऱ्यांसाठी काही निर्माण करण्याचा, आणि वार्धक्यात जगलेल्या आयुष्याचा समाधानाने स्वीकार करण्याचा. पुढे पॉल बाल्टेस यांनी मांडले की, प्रत्येक वयात काही कमावले जाते आणि काही हरवते. केवळ कमाईचे वा केवळ ऱ्हासाचे असे वय नसते. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटल येथे एक अभ्यास सुरू केला व त्याच माणसांची अनेक दशके पुनःपुन्हा पाहणी केली. त्यातून दिसले की, वयाबरोबर कामाची चपळाई आधी मंदावते. शब्दसंपदा व भाषेची समज मात्र साठीच्या आसपासपर्यंत टिकून राहते.

हे ज्ञान गिरणगावाला कधी हवे होते, ते आठवावे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि लालबाग-परळच्या असंख्य घरांतील कर्त्या पुरुषाच्या हातचे काम ऐन मध्यम वयात गेले. पगार गेला, हे सर्वांना दिसले. पण पुढच्या पिढीला काही देण्याचे वय असताना ते देण्याची ताकदच हिरावली गेली की माणूस आतून कसा थिजतो, हे त्या घरांना कोणी सांगितले? बाप अबोल झाला की त्यास तऱ्हेवाईक म्हटले गेले. मुलगा भरकटला की त्यास वाया गेलेला म्हटले गेले. शास्त्राकडे या दुःखांची नावे होती, त्यांचा विचार होता. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत तो पोहोचला नाही.

आजही परळच्या रस्त्यांवर क्षणभर उभे राहावे. वाडियांचे प्रसूतिगृह आणि मुलांचे इस्पितळ, के. ई. एम., टाटा स्मारक रुग्णालय: मनुष्याचा जन्म, त्याचे बालपण, त्याचे दुखणे आणि त्याचा अंत, सारे चालत जाण्याच्या अंतरात. तेथे खाटेशेजारी रात्र जागवणारी आई, सून, आया यांना या शास्त्राची गरज एकोणीस वर्षांच्या महाविद्यालयीन युवतीहून कमी आहे काय? २०११ च्या जनगणनेत या देशात साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक मोजले गेले. त्यांची शुश्रूषा बहुतांशी घरातच होते, आणि ती करणाऱ्यांना दिवसाच्या वर्गात जाता येत नाही.

मुंबईने हा प्रश्न पूर्वी सोडवला होता. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय पाहून वर्ग सकाळी ठेवले. १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारे शिक्षण सुरू केले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. ताराबाई मोडकांनी तर शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिकणाऱ्याच्या वेळेनुसार व जागेनुसार विद्येने वाकावे, ही या परंपरेची शिकवण. ऑनलाइन अभ्यासक्रम हे त्याच रात्रशाळेचे आजचे रूप आहे.

आणि ज्यांच्या सिद्धांतावर हे शास्त्र उभे आहे, त्या एरिक्सन यांच्याजवळ विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती. व्हिएन्ना येथे ॲना फ्रॉइड यांच्या देखरेखीखाली त्यांनी मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले, माँटेसरी पद्धतीची पदविका मिळवली आणि १९६० साली हार्वर्डचे प्राध्यापक झाले. व्यवसायासाठी गुरूची देखरेख हवी, हे त्यांच्याच उदाहरणाने सिद्ध होते. पण विद्येचा एकच दरवाजा नसतो, हेही त्याच उदाहरणाने सिद्ध होते. १९६२ साली ते मानवी जीवनचक्रावरील परिसंवादासाठी अहमदाबादला आले. तेथील १९१८ च्या गिरणी संपाने त्यांना इतके झपाटले की १९६९ साली गांधीजींवर त्यांचा ग्रंथ आला. या शास्त्राला गिरणीच्या भोंग्याचे वावडे कधीच नव्हते.

आता थोडे आपल्या घरातील मंडळींशीही भांडू. 'आईला हे सारे उपजतच कळते,' असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. 'या वयात पुस्तके घेऊन काय करणार?' असे म्हणणारे त्याहून अधिक. पहिल्यांना आम्ही विचारतो, उपजतच कळते तर पंधरा वर्षांच्या मुलाने खोलीचे दार लावून घेतले की सारे घर हवालदिल का होते? दुसऱ्यांनी सिएटलच्या अभ्यासाचा निष्कर्ष पुन्हा वाचावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक असल्याचे सांगितले आहे, आणि मुलांच्या वाढीसाठी मानसशास्त्राच्या प्रगतीचा उपयोग करून घेण्यासही सांगितले आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की आईवडिलांनी हे शास्त्र शिकावे, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. आयोगाने मानसशास्त्राचे दोन मार्ग करावेत. व्यवसायाची सनद देणारा मार्ग प्रत्यक्ष शिक्षणाचा, कितीही कठोर असो. ज्ञानाचा मार्ग मात्र दूरशिक्षणाने खुला असावा, आणि या पदवीने उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, असे तिच्यावर ठळक अक्षरांत छापावे. मराठीतून असे अभ्यासक्रम विरळा आहेत. ते निर्माण करण्याचे उत्तरदायित्व आपल्या विद्यापीठांनी घ्यावे.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसू नये. आयोगाचा निर्णय विद्यापीठांच्या पदवी-अभ्यासक्रमांविषयी आहे. शिकण्यावर कोणी बंदी घातलेली नाही. केंद्र सरकारच्या, २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावर सुटे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. आमची दादर, परळ, गिरगावच्या धर्मग्रामांना विनंती आहे की, शनिवारी संध्याकाळी शाळेचा एक वर्ग उघडून द्यावा. दहा कुटुंबांनी मिळून एका अभ्यासक्रमास नाव घालावे, इंग्रजी पाठ एकत्र ऐकावा आणि मराठीतून त्याची चर्चा करावी. धर्मग्रामातील एखादी निवृत्त शिक्षिका वा परिचारिका हे काम आनंदाने करील. नाव घालण्यापूर्वी संस्थेची मान्यता मात्र तपासून पाहावी, आणि 'तीन महिन्यांत समुपदेशक व्हा' असे सांगणाऱ्या जाहिरातीस उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

आणि प्रत्येक धर्मग्रामाने आयोगाकडे एक पत्र धाडावे. त्यावर मुलांना वाढवणाऱ्या आणि वृद्धांना सांभाळणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या सह्या असाव्यात, कारण या शास्त्रावर पहिला हक्क त्यांचा आहे.