पाठीचा बाक फोन मोजेल, निदान डॉक्टरच करतील!

मुलीचा एक खांदा वर दिसला की आपण ‘दप्तरामुळे असेल, नीट बस’ म्हणून सोडून देतो. पण काही वेळा मणकाच एका बाजूला वळत असतो. वाढीच्या वयात हे कळले तर पट्टा लावून बाक वाढणे बऱ्याचदा रोखता येते. वाढ थांबली की ती संधी जाते. म्हणून घिवलीसारख्या गावात ही तपासणी शाळेतच व्हायला हवी.

फोन काय करतो?
फोनमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून कल ओळखतो. मुलाला कमरेतून पुढे वाकवून पाठीवर फोन आडवा धरला की अ‍ॅप कल अंशांत दाखवते. तो ५ ते ७ अंश किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पक्के निदान एक्स-रेवरच होते. तिथे १० अंशांपासून पुढच्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात.

चूक कुठे होते?
कव्हर, कॅमेऱ्याचा उंचवटा, फोन धरण्याची पद्धत यांनी आकडा बदलतो. शिवाय पाठ का दुखते, हे फोन सांगत नाही. त्यामुळे घरी मोजून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका.

मग करायचे काय?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. त्याची पथके शाळांत जातातच. फिजिओथेरपिस्टकडून त्यांना ही मोजणी शिकवावी. मुलामागे एखादे मिनिट लागेल. देशाला वाट दाखवणाऱ्या पालघरने एवढे पहिले पाऊल टाकायलाच हवे.