डँपर बदलला, रोग तसाच!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र जीवघेणा आहे.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो. त्याने सेकंडहँड हेवी ड्यूटी पिकअप ट्रक घेतला. हायवेवर ताशी शंभरच्या आसपास असताना पुलाच्या जॉइंटवरून चाक गेलं आणि स्टिअरिंग असं हादरायला लागलं की हातात धरवेना. वेग बराच उतरला तेव्हा कुठे थांबलं. तिकडे याला 'डेथ वॉबल' म्हणतात. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग डँपर बदलून बिल हातात ठेवलं. दीड महिन्याने पुन्हा तेच!

माझं स्पष्ट मत आहे, काही न तपासता आधी डँपर बदलणं ही फसवणूक आहे, मग ती अज्ञानातून का असेना.

अशा ट्रकला पुढे अखंड सॉलिड ॲक्सल असतो. तो आडवा सरकू नये म्हणून ट्रॅक बार, एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. त्याचा बुश झिजला किंवा बोल्ट सैल झाला की ॲक्सल सरकतो. स्टिअरिंग बॉक्स मात्र चासीवर पक्का. त्यामुळे ॲक्सल सरकला की ड्रॅग लिंक चाकं वळवते, वळलेली चाकं ॲक्सलला उलट ढकलतात, आणि चक्र सुरू... आपण व्हायब्रेशनच्या पेपरात घोकून लिहितो ती सेल्फ-एक्सायटेड ऑसिलेशन हीच! खड्डा ही फक्त ठिणगी, ऊर्जा गाडीच्या वेगातूनच मिळत राहते. डँपर त्यातली थोडी खातो म्हणून थरथर दबते. ढिलाई तिथेच. (मागच्या सेमिस्टरला मीही 'डँपर लावा' एवढंच लिहून मार्क मिळवले होते.)

हे एकट्या दादाचं रडगाणं नाही. 2005 ते 2019 च्या एफ-250 आणि एफ-350 ट्रकबद्दल याच तक्रारीवरून 2019 साली कॅलिफोर्नियात फोर्डवर दावा दाखल झाला होता.

तपासायला महागडं मशीनही लागत नाही. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने वाकून ट्रॅक बारची टोकं बघायची. मग बॉल जॉइंट, टाय रॉड, टायरचं बॅलन्सिंग. दादाच्या ट्रकमध्ये बोल्टचं भोकच अंडाकृती झालं होतं! दोन गॅरेजवाल्यांपैकी एकानेही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर तो मुद्दाम त्याच पुलावरून जाऊन आला. मावशीला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, तेव्हा अंक घरी नेणाऱ्यांनी जरा जपून!