राखीव म्हणजे उरलेली नव्हे



यंदा गणपतीत सगळे घरी जमले होते. आरती झाली, पानं मांडली, आणि मोदकांवर तूप पडतंय न पडतंय तोच आमच्या धाकट्याने जाहीर केलं की पोरीचं कबड्डी आता बंद. पोर म्हणजे माझी नात, ठाण्याला आठवीत आहे. शाळेच्या संघात निवड झाली, पण बारांमध्ये. पहिल्या सातांत नाही. "राखीवच बसवणार असतील तर क्लास बुडवून संध्याकाळ घालवायची कशाला? पाणी द्यायला?" इति चिरंजीव. त्यावर कुणीतरी हसलं. नातीने ताटातला मोदक तसाच ठेवला आणि उठून गेली.

त्या वेळी मी काही बोलले नाही. सणाच्या दिवशी पंगतीत वाद नको. पण इथे लिहिते, कारण धाकटा हे वाचतो (प्रतिक्रिया कधी देत नाही, पण वाचतो!) आणि त्या दिवशी हसणारी मंडळीही वाचतात.

आधी शब्दाचंच बघू. मराठीच्या मास्तरणीला सवयच ती. राखीव म्हणजे राखून ठेवलेलं. आपण कोकणातली माणसं काय राखून ठेवतो? पुढच्या वर्षीच्या पेरणीचं भात. पावसाळ्याची बेगमी: कुळीथ, आमसुलं, फणसपोळी, कोरडी लाकडं. किडकं आणि उरलंसुरलं कुणी राखून ठेवत नाही. मग खेळाच्या मैदानावर आल्यावरच या शब्दाचा अर्थ 'नको असलेली' कसा होतो?

आता कबड्डीकडे वळते. मी काही खेळाडू नव्हे. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. १९८० च्या सुमारास खेळाचे शिक्षक बदलून गेले आणि मुलींचा संघ माझ्या गळ्यात पडला. नऊवारी नेसणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमचा आवाज मोठा आहे, तुम्हीच जा." एवढीच माझी पात्रता! पण दहा-बारा वर्षं फक्की मारलेल्या मैदानाच्या कडेला उभी राहिल्यावर माणूस काहीतरी शिकतोच.

शिकले ते हे. सात जणी उतरतात तेव्हा प्रत्येकीची जागा ठरलेली असते. डावा कोपरा, उजवा कोपरा, त्यांच्या आतल्या बाजूला दोघी, मध्ये दोघी, एक मधोमध. कोपऱ्यातली घोटा धरते, पट काढते. मधली धक्का देते, वाट अडवते, साखळीतून मागून झेप घेते. ही दोन वेगळी कामं आहेत. पण हे चित्र टिकतं किती वेळ? पहिल्या दोन-तीन चढायांपुरतं. एक बाद झाली, दोन बाद झाल्या, मग चौघी उरल्या. आता डाव्या कोपऱ्याच्या मुलीला मधलं कामही करायचं असतं. नेमकी उजव्या कोपऱ्याची बाहेर बसलेली असते आणि तिथे कुणीतरी उभं राहायलाच हवं. त्यात बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली देता येत नाही. जी मैदानात आहे तिच्याच जागी देता येते. म्हणजे बाकावरच्या मुलीला कोणत्या जागी आणि कुणाशेजारी उभं राहावं लागेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या सातांतल्या मुलीला एक जागा पक्की आली तरी तिचं भागतं. राखीव मुलीला चार यायला लागतात. आता सांगा, कुणाचा अभ्यास जास्त?

माझा अमेरिकेतला भाचा त्यांच्याकडच्या फुटबॉलचा वेडा आहे. त्यांचा तो अंड्यासारखा चेंडू, हातात घेऊन पळायचा. तिकडे मुक्कामाला होते तेव्हा त्याने मला सोफ्यावर बसवून तो खेळ शिकवायचा घाट घातला. बराचसा डोक्यावरून गेला, पण एक गोष्ट पटकन कळली. बचावाच्या पहिल्या फळीमागे लाइनबॅकर नावाचे गडी असतात. पळत येणाऱ्याला लोळवायचं, हवेत फेकलेला चेंडू अडवायचा, वेळ पडली तर पुढे घुसून फेकणाऱ्यालाच गाठायचं. म्हटलं, अरे, ही तर आमची मधली पोरगी! मैदानात अकरा असतात, पण संघ ५३ जणांचा, आणि सामन्याच्या दिवशी त्यातले फार तर ४८ खेळायला पात्र. त्यामुळे दुसऱ्या फळीचा लाइनबॅकर ठेवायचा तर तो एकाहून जास्त जागा सांभाळणारा असावा लागतो. शिवाय लाथेने चेंडू उडवून डाव सुरू होतो तेव्हा धावत जाऊन समोरच्याला अडवायचं अंगमेहनतीचं कामही बहुतेक अशाच राखीव गड्यांकडे. मी भाच्याला विचारलं, यांना पाणी द्यायला ठेवतात का? तो म्हणाला, मावशी, यांना पगार देऊन ठेवतात.

बरं, इतकं लांब कशाला जायचं? पालघरचा शार्दूल ठाकूर घ्या. २०१८ साली हैदराबादला पहिली कसोटी खेळला आणि दहा चेंडू टाकून जायबंदी होऊन बाहेर. पुढची कसोटी दोन वर्षांहून जास्त काळाने, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, आणि तीही शमी, उमेश, बुमरा असे एकेक जण जखमी झाले म्हणून. जडेजा नाही, अश्विनही नाही. वॉशिंग्टन सुंदर आणि नटराजन यांना सरावात गोलंदाजी करायला मागे ठेवलं होतं, त्यांनाही उतरवलं. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ पुढे आपले १८६ वर सहा गेले. तिथून सुंदर आणि ठाकूर या दोन 'उरलेल्यांनी' १२३ धावांची भागीदारी केली. सुंदर ६२, ठाकूर ६७. ठाकूरने त्या सामन्यात सात बळीही घेतले. शेवटच्या दिवशी पंतने सामना जिंकून दिला तेव्हा आमच्या आळीत फटाके वाजले, आणि ते सगळे पंतसाठीच होते. पंतचं कौतुक मलाही आहे. पण पहिल्या डावात पिछाडी ३३ ऐवजी दीडशेची असती तर पंत काय करणार होता?

धाकट्याचा दुसरा मुद्दा होता: "एक ना धड, भाराभर चिंध्या." म्हणजे सगळ्या जागा थोड्या थोड्या शिकून पोर कुठलीच धड शिकणार नाही. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. चांगला कोपरा तयार व्हायला वर्षं जातात, हे खरंच. पण चिंध्यांची गोधडी होते हेही आपल्याच घरात शिकलास ना रे? आणि एकनाथ सोलकर आठव. तो काही राखीव नव्हता, पण त्याला कुठल्याही कामाला जुंपता यायचं. १९७१ च्या ओव्हल कसोटीत पहिल्या डावात तीन बळी, फलंदाजीत ४४ धावा, आणि दुसऱ्या डावात फलंदाजाच्या नाकाशी उभं राहून ॲलन नॉटचा झेल. याला चिंध्या म्हणायचं?

खो-खो तर बघायलाच नको. बारांचा संघ, नऊ मैदानात. पाठलाग करणारीलाच नंतर बचावाला उतरायचं. एकाच कामाची मुलगी तिथे चालतच नाही.

आता मला टोचणारी गोष्ट सांगते. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षांत एकदा आमच्या मुली तालुक्याच्या अंतिम सामन्यात गेल्या. उत्तरार्धात डाव्या कोपऱ्याच्या मुलीचा पाय मुरगळला. आत गेली ती वर्षभर बाकावर बसलेली एक काटकुळी पोर. घरी म्हशींचं करून सरावाला यायची, आणि जी गैरहजर असेल तिच्या जागी उभी राहायची. त्यामुळे तिला सगळ्या जागा येत होत्या. शेवटी आमच्या तिघी उरलेल्या असताना तिने पट काढला आणि लोण वाचला. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

बक्षीस समारंभाला व्यवस्थापकांनी सातच प्रमाणपत्रं आणली होती. सुरुवातीला उतरलेल्या सात जणींची. पाय मुरगळलेली लंगडत जाऊन घेऊन आली. ही पोर टाळ्या वाजवत उभी होती. मी व्यासपीठापासून दहा पावलांवर होते, आवाज मोठा असलेली बाई! आणि मी गप्प बसले. पाहुण्यांसमोर कशाला, नंतर बघू, असं म्हटलं. नंतर कुणी बघितलं नाही. मीही नाही. पुढच्या वर्षी ती सरावाला आली नाही. वडिलांनी विचारलं असेल, प्रमाणपत्रसुद्धा मिळत नाही तर जायचं कशाला? घरच्या म्हशी वाट बघतच होत्या.

तेव्हा धाकट्या, पंगतीत तू जे बोललास ते मी पहिल्यांदा ऐकलं नाही. मोदक टाकून उठणारी मुलगीही पहिल्यांदा बघितली नाही. तुझ्या लेकीला मी मागच्या दारी जाऊन विचारलं, बाळा, तुला कुठे उभं करतात? ती म्हणाली, "आजी, कुठेही. ताईंना लागेल तिथे." हे तिने रडवेलं होऊन सांगितलं, कारण तुझ्याकडून तिला हा कमीपणा आहे असं कळलं होतं.

आणि हो, संघाच्या ताईंना भेटून बारा प्रमाणपत्रं असतात का, हे विचारायचं काम माझं. या वेळी नंतर बघू नाही.

शनिवारच्या मांडवीचं तिकीट काढलं आहे. रविवारी सकाळी तिचा सामना आहे म्हणे. मी मैदानावर बाकाजवळच बसणार आहे, छत्री आणि लाडवांचा डबा घेऊन. डबा बारा जणींना पुरेल असा आहे. तू येणार असलास तर स्टेशनवर घ्यायला ये, नाहीतर मी रिक्षाने जाईन.

असो. बाकी इकडे पाऊस अजून हटत नाहीये.

ता. क. : भाच्या, तुझ्या त्या खेळाचं काही चुकीचं लिहिलं असेल तर फोनवर सांग, सगळ्यांसमोर नको.