विश्लेषण : गॅरेज नाही, पण गाडी स्वतःच दुरुस्त करायची आहे... अडचण नेमकी कुठे येते?

मुंबई-पुण्यात बहुतेकांच्या गाडीला पार्किंग असते, गॅरेज नसते. हा फरक कायद्यातही आहे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानुसार गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा; मोकळे पार्किंग त्यात धरले जात नाही. त्यामुळे घरच्या घरी ऑइल बदलायचे म्हणजे सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला पाना घेऊन बसणे आले.

रस्त्यावर दुरुस्ती केली तर दंड होतो का?

स्टेपनी बदलणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी उभी ठेवता येत नाही. वाहतूक अडली तर कलम २०१ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. सोसायटीचे आवार सामाईक असते, तेव्हा सेक्रेटरींना विचारायचे ते फरशीवर ऑइलचे डाग पडण्याआधी.

उघड्यावर कोणती कामे जमतात?

एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, दुचाकीची चेन ही कामे सहज होतात. गाडीखाली शिरायचे असेल तर गोष्ट वेगळी. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो; त्याच्या भरवशावर खाली झोपणे जिवावर बेतू शकते. सपाट, टणक जमीन, जमिनीवरच्या चाकांना अडण आणि वजन पेलणारे जॅक स्टँड हवेतच. पेव्हर ब्लॉक खचतात, भर उन्हात डांबरातही जॅक रुततो. उतारावर तर नकोच.

काढलेल्या ऑइलचे काय करायचे?

दुचाकीतून साधारण एक लिटर, मोटारीतून तीन-चार लिटर ऑइल निघते. नियमांत तो घातक कचरा आहे, गटारात ओतायचा नाही. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकण्यात आली. तरी घरचे लिटरभर ऑइल न्यायला दारात कोणी येत नाही. ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला देणे, हाच सध्या व्यवहार्य मार्ग.

मग खरी अडचण कोणती?

माहितीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळपास गेला. सेन्सर आणि ईसीयू आले. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनरशिवाय कारण कळणे कठीण. स्वस्त स्कॅनर बाजारात मिळतात, पण ते मूळ कोड दाखवतात. कंपनीचे सॉफ्टवेअर लागणारी कामे तिथेच अडतात.

हा वाद जुना आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले. पुढे प्रकरण अपिलांत अडकले. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात वाहनक्षेत्र होते, २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टलही आले. मात्र २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल आला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. वाहने त्यात नाहीत.